सासूबाईंचं माहेर : चार मैलांना एक इंच

"काय हो, तुम्हाला कसला छंद?" असं हळदीकुंकवाला कुणी विचारलं, की मी अजूनही क्षणभर चाचरते. भरतकाम म्हणावं, बागकाम म्हणावं, की सुटका होते. पण खरं सांगितलं, "मी जुने नकाशे जमवते," की समोरची बाई आधी माझ्याकडे बघते आणि मग शेजारणीकडे. "नकाशे? म्हणजे शाळेत भिंतीवर टांगतात ते?"

नाही बाई, ते नव्हेत. माझे नकाशे दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे. त्या वेळी कारागीर तांब्याच्या पत्र्यावर बारीक टोकदार हत्याराने नद्या, डोंगर, गावं कोरायचा. अक्षरंसुद्धा उलटी कोरायची, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि चरकासारख्या यंत्रातून दाबून काढायचा. निघालेला नकाशा काळा-पांढरा. त्यात रंग भरायचा तो हाताने, कुंचल्याने, एकेका कागदावर. म्हणून एकाच पत्र्यावरून निघालेले दोन नकाशे जुळ्या बहिणींसारखे, सारखे दिसले तरी रंगात थोडा फरक असायचाच.

हे वेड माझ्या माहेरचं. माझं माहेर हैदराबादचं. काचीगुड्याला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांचा पगार बेताचा, पण रविवारी सकाळी आबिड्सला फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं बघायला ते जायचेच आणि मला बरोबर न्यायचे. १९७५ साली तिथेच त्यांनी मला पाच रुपयांना एक फाटका नकाशा घेऊन दिला. दख्खनचा भाग होता, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. सामान्य लोकांना स्वस्तात ज्ञान मिळावं म्हणून लंडनमध्ये १८२६ साली एक मंडळी निघाली होती. तिने १८३० च्या दशकात हिंदुस्थानचा नकाशा बारा तुकड्यांत छापला, त्यातलाच हा एक तुकडा. अर्थात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच आवडलं होतं, की गोदावरीच्या काठाकाठाने गावांची नावं मुंग्यांच्या रांगेसारखी चालली आहेत.

१९७९ मध्ये माझं लग्न झालं आणि मी परभणीला आले. हैदराबादच्या मैत्रिणींनी "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून चिडवून घेतलं. इकडे आल्यावर धाकट्या दिरांनी "वहिनी, जगात जर्मनी आणि भारतात परभणी!" म्हणून त्याची भरपाई केली. ट्रंकेत साड्यांच्या खाली तो नकाशा होता. आठवड्याभराने तो काढून मी भिंतीवर लावायला निघाले, तर वन्सं म्हणाल्या, "अगं वहिनी, तिथं बालाजीचा फोटो लावायचाय." नकाशा परत ट्रंकेत गेला. नव्या सुनेनं भिंतीसाठी भांडू नये, एवढं शहाणपण मला होतं.

सासूबाई मात्र त्या दिवशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आमच्याकडे बऱ्याच घरांत सासूला असंच म्हणतात. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी हळूच विचारलं, "त्या कागदावर समदी गावं असतात का गं?"

"सगळी नाही आत्याबाई, मोठी मोठी असतात."

"मग आमचं नसंल," असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली. विषय संपला.

त्यांचं माहेर कुठलं, हे मला वर्षभराने ह्यांच्याकडून कळलं. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी लहानसं गाव होतं. होतं म्हणते, कारण पूर्णेवर येलदरीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. १९६८ च्या सुमाराची ही गोष्ट. भाऊ चार ठिकाणी पांगले. गाव उठलं तेव्हा आत्याबाई बाळंतीण होत्या, आमच्या धाकट्या वन्संच्या वेळी. त्यामुळे शेवटचं जाणं झालंच नाही. देवीची ओटी भरायची राहिली. पुढे त्यांनी माहेराचं नाव काढणंच सोडलं. नागपंचमीला शेजारच्या बायका माहेराच्या गोष्टी काढत, तेव्हा त्या उठून आत जायच्या आणि नसलेलं काम काढून बसायच्या.

तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं, की हे गाव कागदावर तरी शोधायचं.

शोधायचं म्हणजे काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. ग्रंथालयातून पुस्तकं मागवून, हैदराबादच्या भावाला पत्रं लिहून थोडं थोडं शिकत गेले. सुझान गोले यांचं हिंदुस्थानच्या जुन्या नकाशांवरचं १९७६ सालचं इंग्रजी पुस्तक भावाने कुणाकडून तरी आणून दिलं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते महिनाभर वाचलं. रात्री सगळी निजली की स्वयंपाकघरात बसायची.

त्यातून कळलं, की फार जुन्या नकाशात आपला मुलूख म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! जेम्स रेनेल हा मोठा नकाशाकार. त्याचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ साली निघाला. पण दख्खन त्याने स्वतः मोजलेलं नव्हतं. बुसी या फ्रेंच सेनापतीचं सैन्य इकडून गेलं होतं, त्या कूचाची टिपणं आणि असल्याच माहितीवर त्याला भागवावं लागलं. म्हणजे सैन्य ज्या वाटेने गेलं, तिथली गावं नकाशात आली. जिथे गेलं नाही, तिथे कागद कोरा.

खरी मोजणी पुढची. विल्यम लॅम्बटन या साहेबाने १८०२ मध्ये मद्रासेकडून त्रिकोण मांडत मोजणीला सुरुवात केली. अर्धा टन वजनाचं कोन मोजायचं यंत्र माणसांनी वाहून न्यायचं, टेकडीवर किंवा देवळाच्या शिखरावर चढवायचं. असं करत करत ही मोजणी बिदरवरून वऱ्हाडाकडे सरकली. लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या त्रिकोणांच्या आधाराने मग निजामाच्या मुलखातले तालुके, ओढे, खेडी मोजली गेली, आणि १८२७ पासून 'इंडियन ॲटलास' या नावाने एकेक पान निघू लागलं. प्रमाण चार मैलांना एक इंच. लंडनमध्ये जॉन वॉकर तांब्यावर कोरायचा. या पानांवर खेडीसुद्धा आली. म्हणजे आत्याबाईंचं गाव असलंच, तर तिथेच असणार.

पण ही गोष्ट सरळ नाही झाली. आधी ठेच लागली.

१९८८ साली एका लग्नासाठी आम्ही मोठ्या शहरात गेलो होतो. तिथे एका दुकानात काचेच्या फ्रेममध्ये दख्खनचा रंगीत नकाशा दिसला. पिवळट कागद, हिरव्या-गुलाबी सीमा, कोपऱ्यात हत्ती. दुकानदार म्हणाला, "ताई, अस्सल दीडशे वर्षांचा." मी घरी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. शिलाई मशीनला मोटर बसवायची म्हणून सातशे रुपये साठवले होते. ते मोजून दिले. घरी आणून फ्रेम उघडली, भिंग लावलं, तर काय! सगळा नकाशा बारीक बारीक ठिपक्यांचा, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. नवी छपाई, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

हे रागावले नाहीत. "कागदच तो," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं, असं वाटलं. आत्याबाईंनी मात्र मुलाला ऐकवलं, "तिच्या हातानं कमावलेले व्हते. तू पत्त्यात हारलास तवा म्या काही म्हणले का?" त्यानंतर आठ वर्षं मी पायाने मशीन चालवली. पण त्या सातशे रुपयांत मी जे शिकले, ते सांगते. तुमच्या कुणाच्या माळ्यावर, आजेसासऱ्यांच्या पेटीत असं काही निघालं तर उपयोगी पडेल.

कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाच्या चारी बाजूंना, कडेपासून थोडं आत, पत्र्याची दाबलेली खूण असते. बोट फिरवलं तर लागते. कडा कापलेल्या असतील तर मात्र ती सापडत नाही. भिंगातून रेघ अखंड दिसते, ठिपके दिसत नाहीत. जुन्या हिरव्या रंगात पुष्कळदा तांब्याचा अंश असे. तो कागदाला खातो, म्हणून पाठीमागे तपकिरी छटा उतरते.

साल छापलेलं नसेल, तर नकाशालाच विचारावं. वऱ्हाड निजामाच्या रंगात असेल, तर तो बहुधा १८५३ च्या आधीचा, कारण त्या वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. नागपूरपर्यंत आगगाडीची रेघ असेल, तर १८६७ च्या आधीचा असणं कठीण. आणि आपल्या परभणीवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाइन दिसली, तर तो १९०० च्या आसपासचा किंवा नंतरचा. दुकानदार शपथेवर काही सांगो, आगगाडी खोटं बोलत नाही!

तर १९९६ साली, दिवाळीच्या आधी, भावाचं पत्र आलं. जुन्या शहरात एका रद्दीवाल्याकडे कापडावर चिकटवलेले मोठे नकाशे आले आहेत, एकावर हिंगोली दिसते आहे. मी रात्रीच्या गाडीने निघाले. हिंगोलीला तेव्हा निजामाच्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेची छावणी होती, म्हणून जुन्या नकाशांत हिंगोली ठळक असते आणि परभणी बारीक. दिरांना हे सांगितलं तर त्यांना मानवणार नाही!

नकाशाचे तुकडे करून ते कापडावर थोडी थोडी फट सोडून चिकटवले होते, म्हणजे घडी घालून घोड्यावरून नेता यावा. सीमांवर फिकट गुलाबी आणि पिवळा हात फिरवलेला. खूण दिसली, रेघा अखंड, आगगाडी नाही. मी जिंतूर शोधलं. तिथून वर दोन इंच गेलं की पूर्णा लागायला हवी. लागली. तिथून वळणा-वळणाने डावीकडे सरकले. गावांची नावं इंग्रजीत, आणि स्पेलिंग असं की मोठ्याने वाचल्याशिवाय कळेना. रद्दीवाला माझ्याकडे बघतच राहिला. दोन ओढ्यांच्या मध्ये, नदीच्या बाकात, एक टिंब आणि त्यापुढे ते नाव. मी तीनदा वाचलं. तेच होतं.

अठराशे रुपये सांगितले. माझ्याकडे तेराशे होते. त्या रात्री एस.टी.डी. बूथवरून ह्यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पाचशे भावाकडून घे, मी मनिऑर्डर करतो. पण आईला दाखवू नकोस. गेलेलं गाव उकरून कशाला रडवायचं तिला?"

परतताना गाडीत मी हाच विचार करत होते. ह्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आपला शोध पुरा झाला, याचा आनंद आपला. त्याची किंमत त्या माउलीने का मोजावी? आठ दिवस नकाशा कपाटात ठेवला. पण मग वाटलं, त्यांच्या गावाबद्दल सगळ्यांनीच ठरवलं. धरण कुठं बांधायचं ते सरकारने, मोबदला कुणी घ्यायचा ते भावांनी, शेवटचं जायचं की नाही ते घरातल्या मोठ्यांनी. आता बघायचं की नाही, हे तरी त्यांना ठरवू द्यावं. मी जाऊन सरळ विचारलं, "आत्याबाई, तुमचं गाव सापडलंय कागदावर. बघायचंय का?"

त्यांनी पदराने हात पुसले. चष्मा लावला. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझं बोट बाजूला सारून आपलं ठेवलं. अक्षर वाचता येत नव्हतं, पण नदीचं वळण त्यांनी ओळखलं. "हितं डोह व्हता," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या नाहीत. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जीव नकोसा झाला. मी नकाशा परत कपाटात टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हाक आली, "रांगोळीचा डबा घेऊन ये गं. आन् वाटीभर जवारी."

मागच्या पडवीत त्यांनी सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने नदी ओढली. हात थरथरत होता, पण वळण तेच! मग ज्वारीचे दाणे मांडत गेल्या. ही वेस. हा महादेव. ही चिंच, हिच्याखाली वैदू उतरायचे. हे आमचं घर, शेजारी चुलत्याचं. ही धुणं धुवायची वाट, ही पुरुषांची. हा सुताराचा वाडा. इथं देवी. दोन तास मांडत होत्या आणि बोलत होत्या. सतरा वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. मी मुलीची चित्रकलेची वही ओढली आणि पेन्सिलने उतरवून घेत गेले. ह्यांना बोलावलं, तर हे दारातच उभे राहिले. आजोळच्या घराला किती खण होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी आत्याबाईंनी देवीच्या जागी हळदकुंकू वाहिलं, पाच तांदळाचे दाणे आणि एक सुपारी ठेवली. "ऱ्हायलं व्हतं," म्हणाल्या. रात्री पोटभर जेवल्या.

पुढचे चार-पाच दिवस आम्ही दोघी त्या वहीतल्या नकाशात रंग भरत होतो. मुलीच्या रंगपेटीतला निळा नदीला, हिरवा चिंचेला. घरांना कुठला रंग, तर आत्याबाई म्हणाल्या, "पांढरीची माती," आणि त्या रंगासाठी चहा-हळद कालवून झाली. तेव्हा मला त्या सोळाव्या शतकातल्या दोघी बहिणी आठवल्या. अब्राहम ऑर्टेलियस हा अँटवर्पचा नकाशाकार. १५७० साली त्याने काढलेला ॲटलास पहिला आधुनिक ॲटलास मानतात. पण त्याची सुरुवात नकाशे रंगवण्यापासून. वडील लवकर वारले, आणि तो आणि त्याच्या बहिणी, ॲन आणि एलिझाबेथ, नकाशे रंगवून घर चालवायचे. नकाशावर नाव छापतात ते काढणाऱ्याचं, कोरणाऱ्याचं, विकणाऱ्याचं. रंगवणाऱ्या हाताचं नाव सहसा कुठेच नसतं. आमच्या वहीवर मात्र मी खाली लिहिलं आहे : 'सांगितला आत्याबाईंनी, उतरवला सुनेने, कार्तिक १९९६.'

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. रेडिओवर ऐकून आत्याबाईंनी विचारलं, "कागदावरच येगळा ना?" मी हो म्हटलं. "मग ठीक हाय," म्हणाल्या. २००१ साली त्या गेल्या.

आज माझ्याकडे अकरा नकाशे आहेत. फार किमती नाहीत. मोठे संग्राहक वेगळे. हैदराबादच्या कलाकृती संग्रहातल्या नकाशांचं २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शन भरलं होतं. असल्या खजिन्यापुढे माझं काय! पण जे आहे ते नीट सांभाळते. तुमच्याकडे जुने कागद, पत्रिका, सनदा, काहीही असेल, तर एवढं करा. चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडतो आणि कागद घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. गुंडाळी नको, जमलं तर सपाट ठेवा, मध्ये आम्ल नसलेला पांढरा कागद घाला. फ्रेम केलीत तर काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाही तर पावसाळ्यात बुरशी धरते. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, हाताचे रंग उडतात. वर्षातून दोनदा काढून कसर लागली आहे का बघा. तेवढ्या निमित्ताने कपाटही आवरून होतं.

आणि एक गोष्ट राहिली. आमच्या बैठकीत आता बालाजीच्या शेजारी दोन फ्रेमा आहेत. एक लंडनमध्ये कोरलेली, एक पडवीत काढलेली. पहिलीला गिऱ्हाईक येईल. दुसरीला कुणी चार आणे देणार नाही. घराला आग लागली तर मी कुठली उचलीन, हे ह्यांनी एकदा विचारलं होतं. मी काही बोलण्याआधीच हे म्हणाले, "दुसरी मी उचलतो, तू पहिली घे."

मैत्रिणींनो, नकाशे जमवा असं मी कुणाला सांगणार नाही. पैसे लागतात, फसगत होते. पण घरात म्हातारी सासू असेल, आई असेल, तर एखाद्या दुपारी रांगोळीचा डबा आणि मूठभर ज्वारी घेऊन त्यांच्यापुढे बसा. म्हणा, "तुमचं गाव मांडून दाखवा." शेजारी वही-पेन्सिल मात्र आठवणीने ठेवा.